फुटबॉल सामन्याचा अंदाज: आकडे कुठवर पुरतात आणि डावपेच कुठे कामाला येतात?

गणितवेडी

नमस्कार मंडळी,

गेल्या हंगामापासून फुटबॉलच्या सामन्यांचे अंदाज मांडायच्या मागे लागले आहे. पैसे लावत नाही. बुक्यांचे भाव मात्र रोज बघते, कारण माझा अंदाज कितपत बरा आहे हे तपासायला त्यांच्यापेक्षा कडक परीक्षक मला मिळालेला नाही.

पद्धत जुनीच आहे. १९८२ साली मायकेल माहर यांनी मांडली तीच. प्रत्येक संघाला दोन आकडे द्यायचे, एक चढाईचा आणि एक बचावाचा. घरच्या मैदानाचा थोडा फायदा धरायचा. त्यातून दोन्ही संघांचे अपेक्षित गोल काढायचे आणि पॉयसाँ वितरणात (सरासरीवरून ०, १, २ असे किती गोल होतील याच्या शक्यता देणाऱ्या सूत्रात) घालायचे. समजा यजमानांचे अपेक्षित गोल १.५ आले आणि पाहुण्यांचे १.१. मग यजमान जिंकण्याची शक्यता ४६.४ टक्के, बरोबरीची २५.८ आणि पाहुण्यांची २७.८. सगळ्यात जास्त शक्यता असलेला स्कोअर १-१, पण तोही १२.३ टक्केच. आठ वेळा सामना खेळवला तर एकदा.

आता याच सामन्याला यजमान, बरोबरी आणि पाहुणे यांचे भाव समजा २.१०, ३.४० आणि ३.५० असे आहेत, म्हणजे यजमानांवर एक रुपया लावला आणि ते जिंकले तर २.१० परत. प्रत्येक भावाने एकाला भागून बेरीज करा, ती १०५.६ टक्के येते. वरचे ५.६ टक्के बुकीचे. माझी शक्यता आणि त्याचा भाव यांचा गुणाकार केला तर यजमानांचा ०.९७, बरोबरीचा ०.८८ आणि पाहुण्यांचा ०.९७ येतो. तिन्ही एकच्या खाली! म्हणजे माझं गणित अगदी तंतोतंत बरोबर असलं तरी या सामन्यात हात घालण्यासारखं काहीच नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या तीन आकड्यांकडे बघत बसले होते.

आता प्रश्न. सामना बघताना डोळ्यांना कितीतरी गोष्टी दिसतात. बचावफळी मैदानाच्या मध्यापर्यंत चढलेली आहे, डावा बॅक वर गेला की मागे मोकळं रान पडतं, मधल्या फळीतले दोघं एकमेकांच्या पायात येताहेत. यातलं काहीच माझ्या एक्सेलमध्ये नाही. ते आत कसं आणायचं? की आणूच नये?

डावा_विंगर

आणायलाच हवं. नाहीतर सामना बघायचा कशाला?

२२ नोव्हेंबर २०२२, कतारचा विश्वचषक, लुसैलचं मैदान. अर्जेंटिना ३६ सामने न हरता आलेला, समोर सौदी अरेबिया. दहाव्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी, १-०. कागदावर सामना तिथेच संपला. पण सौदीची बचावफळी बघितली होती का कोणी? मध्यरेषेपासून हाकेच्या अंतरावर उभी. पास सुटायच्या क्षणी चौघं एका दोरीने ओढल्यासारखे एक पाऊल पुढे. पहिल्या अर्ध्यात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाईडमुळे, म्हणजे पास सुटताना खेळाडू बचावफळीच्या पुढे सापडल्यामुळे, रद्द झाले. मध्यंतरानंतर ४८ आणि ५३ व्या मिनिटाला सौदीचे दोन गोल, सामना २-१.

चढाईचा एक आकडा आणि बचावाचा एक आकडा, यात ही दोरी कुठे बसते ते सांगा.

शून्यशून्य

@डावा_विंगर, सामना मीही श्वास रोखून बघितला होता. निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

रद्द झालेल्या तीन गोलांपैकी एकात जरी पळणारा खेळाडू वीतभर मागे असता, तर २-० झालं असतं. मग आज तू इथे लिहिलं असतंस की मेस्सीसमोर इतकी वर बचावफळी ठेवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. डावपेच तेच, धाडस तेच, आणि निकालाने त्याची गोष्ट उलटी सांगितली असती. सामना संपल्यावर डावपेचांतून निकाल समजावून सांगणं सोपं असतं. मला आदल्या रात्री लिहिलेलं दाखव.

आणि सौदी जिंकण्याची शक्यता थोडी असं सांगणारं मॉडेल चुकलं असं कुठे आहे? थोडी म्हणजे शून्य नव्हे. दहातून एकदा होणारी गोष्ट दहातून एकदा होतेच. मॉडेल चुकलं की नाही हे एका सामन्यावरून कळत नाही, शेकड्यांनी बघावे लागतात. तोच अर्जेंटिना पुढे विश्वचषक घेऊन गेला, हेही लक्षात असू दे.

स्वल्पविराम

आठवा तो पॉल ऑक्टोपस. २०१० च्या विश्वचषकात आठापैकी आठ बरोबर! जर्मनीचे सातही सामने आणि वर अंतिम सामना. ना चढाईचा आकडा, ना बचावाचा. 🐙

गणितवेडी

@स्वल्पविराम, पॉल माझा फार लाडका! नाणेफेक करून आठापैकी आठ बरोबर येण्याची शक्यता २५६ त एक. त्या उन्हाळ्यात जगभरात किती प्राणी-पक्ष्यांना अंदाज करायला बसवलं असेल? ज्याचे बरोबर आले तो आपल्याला माहीत झाला, बाकीच्यांना कोण विचारतो. भविष्य विकणाऱ्यांचंही असंच होतं. शंभर जणांनी प्रत्येकी शंभर वेळा नाणं उडवलं तर नऊ-दहा जणांना ५७ किंवा त्याहून जास्त छापे पडतात. त्या नऊ-दहांनी आपापले तक्ते लावून 'माझा हिशेब बघा' म्हटलं, तर त्यांना नाणं उडवणारे कोण म्हणेल?

जुना_गोली

मी वीस वर्षं गोलरक्षण केलं, हौशी पातळीवरच. त्यामुळे डोळ्यांना काय दिसतं यावर थोडं बोलतो.

गोलपोस्टमधून सगळं मैदान समोर असतं. सत्तराव्या मिनिटानंतर मी चेंडू सोडून माणसं बघायचो. आपला उजवा बॅक चेंडू बाहेर गेला की गुडघ्यांवर हात टेकतोय, परत येताना पावलं ओढतोय, समोरचा विंगर अजून टाचा उचलून उभा आहे. असं दिसलं की मी ओरडून मधल्या फळीतल्या एकाला त्या बाजूला सरकवायचो. पुष्कळदा पुढच्या पाच मिनिटांत चढाई तिथूनच यायची.

पण शून्यशून्य म्हणतात ते मनाला लागलं. गोल होणार असं मला कितीतरी वेळा वाटलं असेल. लक्षात राहिले ते खरे ठरलेले प्रसंग. उरलेले कुठे गेले कोण जाणे, कारण लिहून कुणी ठेवलं होतं?

पासेसमोजणारा

जुन्या_गोलींच्या या शेवटच्या वाक्यावर एक गोष्ट सांगतोच. ज्याने लिहून ठेवलं तोही कसा फसला, त्याची.

चार्ल्स रीप. ब्रिटिश हवाई दलात हिशेब खात्यात होता. १८ मार्च १९५० ला स्विंडन टाउनचा सामना बघताना पहिला अर्धा त्याला असह्य झाला. मध्यंतरात वही-पेन्सिल काढली आणि दुसऱ्या अर्ध्यातली प्रत्येक चढाई टिपायला लागला. पुढे अनेक दशकं टिपतच राहिला. किती पास झाले, चेंडू कुठे सुटला, गोल झाला का. त्याला आढळलं की दहातले आठ गोल तीन किंवा त्याहून कमी पासांतून होतात. झालं, नियम ठरला: पास कमी, चेंडू लांब मारा, चटकन पुढे न्या. इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या संघ त्या वाटेने खेळले.

गफलत कुठे होती? दहातले आठ गोल तीनच्या आतल्या पासांतून होत होते, पण दहातल्या नऊ चढायाही तीनच्या आतच संपत होत्या. म्हणजे चढायांच्या मानाने पाहिलं तर लांबलेल्या चढायाच जास्त गोल देत होत्या. छेद, म्हणजे एकूण चढाया किती, तो बघायचा राहिला आणि निष्कर्ष बरोबर उलटा निघाला.

इतकी वर्षं, इतक्या निष्ठेने टिपलेले आकडे. मला त्या माणसाबद्दल आदरच वाटतो. पण 'हा संघ डावीकडून ६० टक्के गोल करतो' असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, डावीकडून चढाया किती टक्के करतो?

रात्रपाळी

धागा उशिरा पाहिला. इथे कुणी प्रत्यक्ष लावणारा दिसत नाही, मी लावतो. माझ्या देशात ते कायदेशीर आहे. एकेका सामन्यात भाव फार मिळत नाही म्हणून पाच सामने जोडतो. पाचही जोरदार संघ. मिळाले तर एकदम चांगले मिळतात. यात चुकतंय का काही?

गणितवेडी

@रात्रपाळी, हो, चुकतंय, आणि मोकळेपणाने विचारलंत म्हणून मोकळेपणाने सांगते. वरच्या उदाहरणात बुकीने ५.६ टक्के जास्तीचे घेतले होते. म्हणजे सरासरीने १०० लावले तर साधारण ९४.७ परत येतात. पाच सामने जोडले की ही कात्री पाच वेळा लागते. ०.९४७ चा पाच वेळा गुणाकार करा, ०.७६ येतो. १०० मधले ७६ परत. मोठा भाव दिसतो, त्या मागची कात्री दिसत नाही.

रात्रपाळी

हे कुणी असं मांडून दाखवलं नव्हतं. आभार.

कॉर्नरफ्लॅग

मूळ प्रश्नाकडे येतो. आकड्यांत नसलेली गोष्ट आणायची की नाही याचं माझ्या मते सर्वांत स्वच्छ उत्तर २०२० ने दिलं.

१६ मे २०२० ला, कोविडच्या खंडानंतर, जर्मनीची बुंडेसलिगा रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू झाली. तोवर प्रत्येक मॉडेलमध्ये यजमानांना ठरावीक फायदा धरलेला असायचा, आणि तो अनेक दशकांच्या सामन्यांवर घासून काढलेला. प्रेक्षकच नाहीत म्हटल्यावर हा फायदा घटेल हे साध्या माणसालाही कळत होतं. मॉडेलला कळायला आधी सामने व्हावे लागणार होते! पुढे इंग्लंडच्या २०२०-२१ च्या हंगामात पाहुण्यांनी १५३ सामने जिंकले आणि यजमानांनी १४४. तिथल्या अव्वल विभागाच्या इतिहासात असं आधी कधी घडलं नव्हतं.

आकडे सांगतात काल काय झालं. उद्याचा दिवस कालसारखा असेल तोवर त्यांच्याशी वाद घालू नये. उद्या वेगळा आहे हे तुम्हाला पक्कं माहीत असेल, तेव्हाच हात घालावा. नवा प्रशिक्षक, मुख्य गोलरक्षक जखमी, तीन दिवसांत दुसरा सामना, पावसाने चिखल झालेलं मैदान. 'हा संघ त्या संघाला शैलीने भारी पडतो' हे मात्र त्यात बसत नाही, कारण शैली कालही तीच होती आणि तिचं फळ गोलांत आधीच उतरलेलं आहे.

शून्यशून्य

+१. यातला नवा प्रशिक्षक मात्र काढा. संघ पाच सामने ओळीने हरतो तेव्हाच प्रशिक्षक जातो. पाच सामने हरलेला संघ प्रशिक्षक न बदलताही पुढे थोडा सावरतोच, कारण त्या पाचांत दुर्दैवाचाही वाटा असतो. श्रेय नव्या माणसाला जातं.

डावा_विंगर

दुर्दैवाचा विषय निघालाच आहे तर बुंडेसलिगातला डॉर्टमुंड, २०१४-१५. हिवाळी सुट्टीला प्रशिक्षक क्लॉपचा हा संघ १८ पैकी १७ व्या क्रमांकावर होता. वर्तमानपत्रांत क्लॉपचं काही खरं नाही असं रोज छापून यायचं. एक्सजी बघणारे मात्र सांगत होते की हा संघ संधी भरपूर निर्माण करतोय, समोरच्याला फार देतही नाही, फक्त चेंडू आत जात नाहीये. शेवटी सातवा आला.

(एक्सजी म्हणजे प्रत्येक फटक्यातून गोल होण्याची शक्यता, जागा आणि कोन वगैरे धरून. पेनल्टीला साधारण ०.७६ ते ०.७९ देतात. सामन्यातल्या सगळ्या फटक्यांची बेरीज म्हणजे त्या संघाचा एक्सजी.)

त्यामुळे गणितवेडी, तुझं मॉडेल गोलांवर चालत असेल तर ते एक्सजीवर आण. गोल फार थोडे असतात, नशीब त्यात भरपूर मिसळतं.

शून्यशून्य

एक्सजी वापर, पण स्कोअर काय असताना तो जमा झाला ते बघून. विसाव्या मिनिटाला २-० पुढे गेलेला संघ मागे सरकतो, समोरच्याला लांबून मारू देतो. शेवटी हरलेल्याचा एक्सजी जास्त दिसतो आणि लोक म्हणतात, अन्याय झाला. कसला अन्याय? पुढच्याला हवं होतं तेच त्याने केलं. डावपेच आकड्यांत आणायची एक खरी जागा मला इथे दिसते. बरोबरी असतानाचा एक्सजी वेगळा काढायचा.

जुना_गोली

आणि कोसळणं? तेही घ्या. ८ जुलै २०१४, विश्वचषकाची उपांत्य फेरी, ब्राझील-जर्मनी, १-७. नेमार जखमी, थियागो सिल्वा निलंबित. २३ ते २९ व्या मिनिटांत चार गोल. तुमचं पॉयसाँ धरून चालतं की एका गोलाचा दुसऱ्याशी संबंध नाही. त्या सहा मिनिटांत ब्राझीलच्या बचावफळीचे चेहरे आठवा. दुसऱ्या गोलनंतर कुणी कुणाला आवाज देत नव्हतं. गोलरक्षकाला ती शांतता ओळखू येते. आपल्या पुढचे चार जण गप्प झाले की समजायचं, अजून येणार.

गणितवेडी

@जुना_गोली, तुमचा हा प्रतिसाद मी तीनदा वाचला.

बरोबर आहे, साधं पॉयसाँ तिथे तोकडं पडतं. १९९७ साली मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांनी त्यात दोन दुरुस्त्या केल्या. एक, कमी गोलांच्या सामन्यांत ०-० आणि १-१ साध्या गणितापेक्षा जास्त वेळा होतात, १-० आणि ०-१ थोडे कमी, म्हणून त्या चार स्कोअरांना हलकासा धक्का द्यायचा. दुसरी, जुन्या सामन्यांचं वजन दिवसांगणिक कमी करत न्यायचं. या दोन्ही मी केल्या आहेत. बरोबरीचे अंदाज लगेच सुधारले. कोसळण्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

अनामिक११

बरेच दिवस इथे फक्त वाचतो. आज लिहितो आहे.

मी चार वर्षं पैजा लावल्या. अंदाज वाईट नव्हते. गणितवेडींसारखंच मॉडेल होतं, वर डावा_विंगरसारखं सामने बघणंही होतं. पहिलं दीड वर्ष नफ्यात होतो. मग एका ठिकाणी माझ्या खात्याची मर्यादा इतकी खाली आणली की लावणं न लावणं सारखंच. जिंकणाऱ्याला असं आवळतात हे मला ठाऊक नव्हतं. दुसरीकडे गेलो, तिथे भाव कमी. आधीची कमाई टिकवायची म्हणून रक्कम वाढवली.

गाठीच्या पैशांतले किती लावावेत ते सांगणारं केलीचं सूत्र मला पाठ होतं. जॉन केली, १९५६. भाव २.१० आणि जिंकण्याची शक्यता ५० टक्के असेल तर गाठीच्या साडेचार टक्के लावावेत असं ते सांगतं. पण खरी शक्यता ५० ऐवजी ४७ असेल तर तेच सूत्र म्हणतं, काहीच लावू नका. फक्त तीन टक्क्यांचा फरक! माझ्या मॉडेलची चूक तीन टक्क्यांहून मोठी होती हे मला कधी दिसलंच नाही, कारण हरलेल्या प्रत्येक पैजेला माझ्याकडे कारण तयार होतं. रेफरी, लाल कार्ड, पोस्टला लागलेला चेंडू.

एका रात्री धाकटी मुलगी तापाने फणफणली होती आणि मी स्वयंपाकघरात उभा राहून फोनवर कुठल्यातरी दुसऱ्या विभागातल्या सामन्याचे कॉर्नर मोजत होतो. त्यातल्या एकाही खेळाडूचं नाव मला माहीत नव्हतं. बायको दारात येऊन उभी राहिली, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी खाती बंद करायला अर्ज केला आणि मदत घेतली. त्याला तीन वर्षं झाली. सामने आता पुन्हा बघतो, मुलीबरोबर.

कॉर्नरफ्लॅग

@अनामिक११, लिहिलंत हे फार बरं केलंत. मुलगी कुठल्या संघाची?

अनामिक११

ज्याचा गोलरक्षक छान उडी मारेल त्या दिवशी त्याची. 🙂

जुना_गोली

पोरगी हुशार आहे.

पासेसमोजणारा

अनामिकजींचं वाचून थोडा वेळ काहीच सुचलं नाही.

खात्याची मर्यादा आवळण्यावरून एक मुद्दा. आकड्यांतून खरोखर मोठे झालेले लोक शेवटी कुठे गेले ते बघा. ब्रेंटफर्डचा मॅथ्यू बेनहॅम आणि ब्रायटनचा टोनी ब्लूम. दोघंही आकड्यांवर पैजा लावण्याच्या धंद्यातले, आणि दोघांनीही क्लब हाती घेतले. ब्रायटन २०१७ मध्ये प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल विभागात आला. ब्रेंटफर्ड २०२१ मध्ये, अव्वल विभागात तब्बल ७४ वर्षांनी. तेव्हा बेनहॅमच्याच हाती असलेल्या मिट्यूलंड क्लबने २०१५ मध्ये डेन्मार्कचं विजेतेपद घेतलं, आणि त्यात कॉर्नर आणि फ्री किकवर केलेल्या मेहनतीचा मोठा वाटा होता.

सामन्याच्या भावात हजारो लोकांचं डोकं आधीच ओतलेलं असतं, तिथे उरतं काय? खेळाडूची किंमत ठरते तिथे, कॉर्नरला कोण कुठे उभा राहतो तिथे अजून चुका शिल्लक होत्या. आकडे आणि डावपेच हातात हात घालून चालले ते तिथे. आपण सगळे ते चुकीच्या खिडकीतून बघत बसलो होतो असं मला हल्ली वाटतं.

डावा_विंगर

हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा. पासेसमोजणारा, कॉर्नरांवर लिहाच. पहिल्या पोस्टवर गर्दी करणारे, गोलरक्षकासमोर उभा राहणारा, मागून वळसा घालून येणारा, यावर मी रात्रभर बोलू शकतो.

जुना_गोली

गोलरक्षकासमोर उभा राहणाऱ्यावर आधी मी बोलणार.

स्वल्पविराम

मी वाचायला बसलोच आहे. पुढील लेखनास शुभेच्छा दोघांनाही.

गणितवेडी

मंडळी, सात आठवड्यांनी परत येते आहे, काम करून.

शून्यशून्य म्हणाले होते, आदल्या रात्री लिहिलेलं दाखव. तर चाळीस सामने घेतले. प्रत्येकाला दोन रकाने. पहिल्यात फक्त मॉडेल. दुसऱ्यात मॉडेल आणि वर माझी दुरुस्ती, शेजारी एका ओळीत कारण. सामना सुरू व्हायच्या आधी दोन्ही बंद करायचे, नंतर हात लावायचा नाही.

गुण ब्रायरच्या पद्धतीने दिले. तिन्ही शक्यतांमधली चूक वर्ग करून मिळवायची, कमी तितकं चांगलं. ४६-२६-२८ म्हटलं आणि यजमान जिंकले तर ०.४४. पाहुणे जिंकले तर ०.८०. तिघांनाही समान शक्यता देऊन काहीच न सांगणाऱ्याला नेहमी ०.६७. आणि ९०-५-५ असं छाती ठोकून सांगितलं आणि पाहुणे जिंकले तर १.७२. या पद्धतीत अंदाज चुकण्यापेक्षा खात्रीने चुकणं फार महाग पडतं, म्हणून मला ती आवडते.

चाळीस सामने थोडेच आहेत, त्यावरून फार बोलू नये. तरी दुरुस्त्यांची कारणं वेगळी काढल्यावर जे दिसलं ते सांगते. सामन्याच्या तासभर आधी संघ जाहीर होतात, ते बघून केलेल्या दुरुस्त्यांनी फायदा झाला. मुख्य आघाडीपटू बाहेर, किंवा युरोपातला सामना खेळून आलेल्या संघात सहा बदल, अशा. 'यांची शैली त्यांना जड जाते' या कारणाच्या दुरुस्त्यांनी मात्र गुण बिघडवले. आणि त्यांतल्या बहुतेक मी माझ्या आवडत्या संघाच्या सामन्यांत केल्या होत्या, हे कारणांचा रकाना वाचताना उघडं पडलं. कॉर्नरफ्लॅग, तुम्ही आधीच सांगितलं होतं.

सामना सुरू होण्याआधीचे बुक्यांचे शेवटचे भाव माझ्या दोन्ही रकान्यांपेक्षा सरस निघाले. थोडक्याने, पण सरस.

शून्यशून्य

कारणांचा रकाना ठेवलास हे उत्तम. आवडत्या संघाचे सामने वगळून पुन्हा मोजशील का?

गणितवेडी

मोजले. वगळल्यावर दुसरा रकाना पहिल्याच्या किंचित पुढे जातो.

डावा_विंगर

हे घ्या! मी म्हटलं नव्हतं?

शून्यशून्य

चाळीसातून वगळून उरले किती?

गणितवेडी

एकतीस.

शून्यशून्य

मग अजून तीनशे हवेत. 🙂

जुना_गोली

गणितवेडी, मला तिसरा रकाना दे. माझ्याकडे मॉडेल नाही. संघ जाहीर झाले की तुझे आकडे न बघता माझे तीन टाकीन, आणि कारणही लिहीन. बचावफळीतले कोण कोण सोबत खेळलेत, कोण पहिल्यांदा शेजारी उभे आहेत, तेवढंच बघणार. गप्प होणारी चौकडी आधी ओळखता येते का, हे मलाच कळायला हवंय.

अनामिक११

मला चौथा. पैशांशिवाय. मुलगी गोलरक्षक बघून सांगेल, मी टाकेन.

गणितवेडी

दोन्ही रकाने जोडले, दुवा निरोपात पाठवला आहे. शनिवारी सहा सामने आहेत. पहिल्या शिट्टीला कप्पे बंद होतील. अनामिकजी, तिच्या रकान्याला नाव काय देऊ?

अनामिक११

विचारलं. म्हणाली, 'उडी'.